कवडशाची डाक आणि महाराजांची जांभई

एका जंगलात चकचकराव नावाचं माकड होतं. अजूनही असेल, त्याला काय धाड भरलीय. तुम्ही मात्र शेजारच्याला चिमटे काढणं थांबवा आणि ऐका.

चकचकरावाला आरशाचा तुकडा सापडला. टेकडीवर बसून तो उन्हाचा कवडसा लांब नदीकाठी पाडायचा. आरशाने आठदा डोळा मारला की एक अक्षर. ना तार, ना पळापळ. खाली बिळाच्या तोंडाशी बसून शेवंता सशीण ती अक्षरं वाचायची. नदी फुगली तर तिला आणि तिच्या चार पिल्लांना वेळेत कळावं, एवढ्यासाठी ही सोय होती.

त्याआधी हे काम टिटवी ओरडून करायची. तिचा वेग कुणी मोजला नव्हता. ती मोजायला थांबतच नसे.

आता कवडशाचा वेग मोजायचा कसा? जंगलात घड्याळ नव्हतं. सिंहमहाराज म्हणाले, माझी एक जांभई हेच माप. एका जांभईत आरसा जितके डोळे मारेल, तितका वेग. अक्षरं मोजायची नाहीत, ती आठपट कमी भरतात. चकचकराव हुशार. मोजणीच्या वेळी तो महाराजांना अहवाल वाचून दाखवू लागला. जांभई लांबली, वेग दुप्पट झाला आणि जंगलभर केळी वाटली गेली.

एका दुपारी वरच्या डोंगरात ढगफुटी झाली. टेकडीवर ऊन होतं. चकचकरावाला पूर येताना दिसला. त्याने आरसा उचलला. घाई होती, पण घरचे संस्कारही होते. मोठ्या बाईला पत्र पाठवायचं तर रीत सोडून कसं चालेल?

"तीर्थस्वरूप शेवंतामावशींस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम..."

सर्व क्षेम म्हटल्यावर शेवंताची काळजी मिटली. ती बिळात शिरली आणि पिल्लांना कुशीत घेऊन झोपली. पुढचं 'पूर येतोय' अफाट वेगाने आलं, पण ते वाचायला बाहेर कुणी नव्हतं.

तेवढ्यात टिटवी बिळाच्या तोंडाशी उतरली.

"भवाने, ऊठ! पोरं उचल!"

चारही पिल्लं वाचली. सांगताना मला अजून बरं वाटतं. बीळ मात्र वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. 'पूर येतोय' हे शब्द पाव जांभईत नदीकाठी पोचले होते, म्हणून चकचकरावाला पदक मिळालं. टिटवीला असभ्य भाषेबद्दल ताकीद मिळाली. तक्रार शेवंतानेच केली होती.

तात्पर्य: बाळांनो, जीव काय, कुणीही वाचवतं. पदक हवं असेल तर वेग मोजणाऱ्याला कंटाळा आणता आला पाहिजे.