अध्यक्षांवर वार करू नये

परप्रांतात संस्कृती टिकवायची तर आधी तिच्यासाठी हॉल मिळवावा लागतो, आणि मग तो भरावा लागतो. पहिलं काम ओळखीनं होतं. दुसऱ्यासाठी जेवण ठेवावं लागतं. जयपुरात जवाहर नगरातलं मराठी मंडळ दोन्ही कामं नेटानं करत आलं होतं. तरी २००६ च्या गणेशोत्सवाआधी असं निदर्शनास आलं की तरुण पिढी फक्त जेवायला येते, आणि व्याख्यान नेमकं कधी संपणार याचा अंदाज तिला घरबसल्या अचूक बांधता येतो.

सीतापुऱ्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला आलेल्या शुभंकरने कार्यकारिणीत उपाय सुचवला. "काका, गेमिंग ठेवूया. कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे. एका वेळी आठ जण खेळतात."

"त्यात करतात काय?" अध्यक्ष सुधाकररावांनी विचारलं.

"इसवी सन २८५०. परग्रह. विजेच्या तलवारी. समोर येईल त्याला कापायचं."

"तलवारी?" सुधाकरराव खुर्चीत ताठ झाले. "मग ते आपलंच आहे!"

ठराव एकमतानं मंजूर झाला. (विजेच्या तलवारी वीज गेल्यावर चालतील का, अशी शंका एका सदस्यानं काढली. जनरेटर ठरला.)

अंमलबजावणी आली प्रभाकरकडे. प्रभाकर बँकेतला अधिकारी, साताऱ्याहून बदलून आलेला. मंडळातल्या आपल्या पहिल्याच सभेला तो उशिरा पोचला होता. तोवर सांस्कृतिक चिटणीस सोडून सगळी पदं भरली होती. सुधाकरराव बँकेतही त्याचे साहेब होते आणि साताऱ्याला परत जाण्याचा त्याचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. त्यामुळे मंडळातली शिस्त प्रभाकरला समजावून सांगावी लागत नसे.

त्यानं नियमावली केली. वार करण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याला नमस्कार करावा. ज्येष्ठांना दोन वेळा मरण माफ. चपला बाहेर. महिलांसाठी दुपारी स्वतंत्र अर्धा तास. आणि अध्यक्षांवर मागून वार करू नये. (समोरून करण्याचा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही.)

विद्याधर नगरातल्या एका सायबर कॅफेतून आठ कॉम्प्युटर भाड्यानं आले आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच हॉल जेवणाआधी भरला. पण तरुणांनी नव्हे. विमावाल्यांना बँकवाल्यांची, बँकवाल्यांना आयकरवाल्यांची अनेक वर्षं मनात ठेवलेली मुंडकी एकदम समोर दिसू लागली. दोन साडू, जे एकाच्या वास्तुशांतीपासून बोलत नव्हते, रोज शेजारी बसून एकमेकांना उभे चिरत आणि मग एकत्र चहा घेत. तरुणांना खुर्ची मिळेना. ते बिचारे व्याख्यानाला जाऊन बसले. तिथली उपस्थिती चौपट वाढली. मंडळानं दोन्ही गोष्टींचं श्रेय घेतलं.

सुधाकरराव खेळत नसत, उभे राहत. त्यांचा योद्धा दरीवरच्या पुलाच्या मधोमध उभा असे. समोरचा जो कोणी असे तो नमस्कार करी, थोडी तलवार फिरवी आणि पाय घसरून दरीत पडे. अध्यक्षांच्या विजयाचं प्रमाण शंभर टक्के होतं. "हा खेळ रक्तात असावा लागतो," असं ते म्हणू लागले.

महिलांच्या अर्ध्या तासाला मात्र एकच महिला येई. प्रभाकरची बायको, प्रतिमा. मंडळाचा सगळा स्वयंपाक तिच्या देखरेखीखाली होई, आणि आभारप्रदर्शनात तिचा उल्लेख 'तसेच इतर' यामध्ये होई. कॉलेजात जाणारी मुलगी अवनी शेजारी बसून तिला शिकवी. "आई, रुक. आधी जंप, फिर वार." (पुढे पुष्कळांनी सांगितलं की प्रतिमाच्या मनगटात विळीवरचा सराव होता. हे खरं नाही. तिनं सराव गेमचाच केला होता.)

महिला गटात एकटीच असल्यानं प्रतिमा विजेती ठरली आणि शेवटच्या संध्याकाळी तिचा अध्यक्षांशी सामना लागला. भिंतीवर मोठा पडदा. "वहिनींना सांभाळून घेऊ," सुधाकरराव म्हणाले. हॉल हसला.

प्रतिमाच्या योद्ध्यानं नमस्कार केला. अध्यक्षांचा योद्धा पुलावर उभा राहून ती पडण्याची वाट पाहू लागला. ती पडली नाही. तिनं उडी मारली, आणि अध्यक्षांचे दोन सारखे भाग झाले.

हॉलमध्ये जनरेटरचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला. गेमनं अध्यक्षांना पुन्हा जिवंत केलं. प्रतिमानं पुन्हा नमस्कार केला. निकाल पाच-शून्य लागला. नमस्कारही पाचच झाले. नियमभंग शोधूनही सापडेना.

सुधाकरराव उठले. "माउस अडकत होता," ते म्हणाले. "प्रभाकरराव, तांत्रिक बिघाड जाहीर करा. सामना रद्द."

प्रभाकरनं माईक घेतला. प्रतिमा खुर्चीतच होती. इतका आनंद तिच्या चेहऱ्यावर त्यानं लग्नानंतर पाहिला नव्हता, आणि आता तो हळूहळू उतरत होता. कारण नवरा काय बोलणार हे तिला माहीत होतं. प्रभाकरला सातारा दिसला. तो खाकरला.

"तांत्रिक कारणास्तव..."

"पण बाबा," अवनी पहिल्या रांगेतून ओरडली, "आई जीतली ना! सगळ्यांनी देखा!"

"जीतली नाही गं," प्रभाकर सवयीनं म्हणाला, "जिंकली. आई जिंकली."

माईक चालू होता. स्पीकरनं ते वाक्य हॉलभर शुद्ध मराठीत पोचवलं. मागून कोणीतरी एक टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

परतताना स्कूटरवर प्रतिमा मागून म्हणाली, "मला वाटलं नव्हतं तुम्ही बोलाल. मुद्दाम बोललात ना?"

"मुद्दामच," प्रभाकर म्हणाला. (या हकिगतीतलं हे एवढंच विधान तपासून घ्यावं.) तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि घर येऊनही त्यानं स्कूटर आणखी एक चक्कर फिरवून आणली.

त्याचा अर्ज मार्गी लागला. बदली झाली, वाळवंटातल्या बाडमेरला. निरोप द्यायला मंडळ झाडून आलं होतं. प्रत्येकानं त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, "बरं झालं बोललात. आम्ही बोलणारच होतो." त्याच महिन्यात सुधाकरराव पुन्हा अध्यक्ष झाले, बिनविरोध.

वाचकहो, आपण हसलात, चांगलं केलंत. आपल्या सोसायटीची वार्षिक सभाही जवळ आली असेल. ठरावाला हात वर करण्याआधी शेजारच्याकडे एकदा बघून घ्या. तो तुमच्याकडेच बघत असेल.