रामपायलीमार्गे आफ्रिका

"तीन दिवस! कोणाच्या हातचा घोटभर चहासुद्धा घेणार नाई!" नंदकिशोरभाऊंनी बालाघाटच्या आपल्या अंगणात जाहीर केलं आणि सायकलीच्या सीटवर अशी थाप मारली, जशी काही ती वरातीतली घोडीच!

घोडी बिचारी ओझ्यानं वाकली होती. मागे तंबू, पुढे स्टोव्ह, दोन्ही बाजूंना पाण्याच्या पिशव्या आणि वर गुंडाळलेली गादी. कारणही तसंच होतं. बावन्नाव्या वर्षी, सरकारी कचेरीतली अठ्ठावीस वर्षांची खुर्ची सोडून भाऊंना सायकलनं आफ्रिकेत फिरायचं होतं! आधी नामिबियाचं वाळवंट, मग लेसोथोचे डोंगर. आठ जणांची टोळी, त्यातले सात ठरलेले. आठव्या जागेसाठी टोळीच्या प्रमुख रीनाताईंची एकच अट: तीन दिवस एकट्यानं, कोणाचीही मदत न घेता सायकल चालवा आणि खरी डायरी पाठवा.

वाळवंट म्हणून भाऊंनी निवडलं रामपायली गावच्या नदीचं कोरडं पात्र.

"अहो, लोणचं तरी न्या," कालिंदीवहिनी म्हणाल्या.

"नामिबियात लोणचं कोण देईल?"

"म्हणूनच म्हणते नं, घरून न्या!"

लोणचं राहिलंच. वहिनींनी तंबूच्या पिशवीवर मार्करनं आपला नंबर मात्र लिहून दिला, शाळकरी पोराच्या डब्यावर लिहितात तसा.

वैशाखातल्या भर दुपारी भाऊ वाळूत उतरले. वीस पावलं नामिबिया छान गेला. एकविसाव्याला चाक रुतलं, सायकल आडवी झाली आणि पाण्याच्या दोन्ही पिशव्या फुटल्या. वाळूनं पाणी असं गट्ट केलं की डागही उरला नाही!

पात्रातच टरबुजांची वाडी होती. तिथून सत्तरीच्या तुळसाबाई पाच बाया घेऊन आल्या.

"ओ चादरवाले! डबलची हाय काय?"

"मी चादरवाला नाई, मावशी. आफ्रिकेले चाल्लो."

तुळसाबाईंनी नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. "इकडून?"

"सराव करून राह्यलो."

"बरं. पाणी पे."

"नको."

"चहा?"

"नाई."

"टरबूज?"

भाऊंची जीभ टाळूला चिकटली होती, तरी मान हललीच. नाही म्हणजे नाही!

इथंच घोटाळा झाला. आमच्या भागात भर उन्हात पाण्याला नाही म्हणणारा माणूस एकच, घरून रुसून निघालेला! त्यात गादी सोबत, स्टोव्ह सोबत, आणि जायचं कुठं, तर थेट आफ्रिकेला!

"अवो बायांनो, बायकोशी भांडून आला वो हा!"

तुळसाबाईंच्या नातवानं, टिकारामनं, पिशवीवरचा नंबर वाचून लगेच फोन लावला. "भाभीजी, आपके साहब देश छोड़के जा रहे हैं! जल्दी आइए!"

तुळसाबाईंनी तिथंच वाळूत बैठक मारली. "तू नाई पेत, त मीबी नाई पेत." पाठोपाठ पाचही बाया बसल्या. डोक्यावर सूर्य, मधे भरलेली कळशी आणि सहा बाया निर्जळी!

भाऊंनी आठवी जागा आठवली. आफ्रिका आठवली. मग म्हातारीचे सुकलेले ओठ दिसले.

"आणा, मावशी!"

पहिला लोटा, दुसरा लोटा, अर्धं टरबूज, दोनदा चहा. तिसऱ्या लोट्याला आफ्रिका डोळ्यांपुढून गेली आणि डोळ्यांत पाणी आलं.

तासाभरानं वहिनी शेजाऱ्यांची जीप घेऊन धडकल्या.

"काय बोलली वो त्याले?" तुळसाबाई कडाडल्या.

"मी? लोणचं न्या म्हटलं फक्त!"

"एवढ्यासाठी देश सोडते काय रे बापू?"

भाऊंनी तोंड उघडलं, पण ऐकतंय कोण! तुळसाबाईंनी दोघांना घरी नेऊन एका ताटात जेवायला बसवलं. वरण, भात आणि हो, लोणचं! लग्नातल्या घासानंतर एका ताटात जेवण्याची ही पहिलीच वेळ. वहिनी हसताहसता ठसकल्या, तर भाऊंनी त्यांना पाणी दिलं.

घरी येऊन भाऊ डायरी घेऊन बसले.

"नका लिहू. कोण पाह्यते?" वहिनी हळूच म्हणाल्या.

"माह्यासाठी त्या माउलीनं उन्हात पाणी सोडलं, कालिंदी. तिले वहीतून कसा गाळू?"

सगळं लिहिलं. टरबुजाच्या फोडीसकट.

रीनाताईंचं उत्तर आलं: "अट मोडली. यंदा तुमचा नंबर नाही. पण हे रामपायली आहे कुठं? वाळूतला सराव आम्हालाही हवाय."

पंधरा दिवसांनी गाद्या-तंबू लादलेल्या सात सायकली नदीत उतरल्या. वाट दाखवायला पुढे भाऊ, रिकाम्या सायकलवर.

तुळसाबाईंनी कपाळाला हात लावला. "नंदकिशोर! हे सातही जण बायकोशी भांडून आले?"

"यात तीन तर बायाच हायत, मावशी!"

"मंग त्याईनं बरं केलं! चहा ठेवते. तू पेशीन नं?"

भाऊ केव्हाच चुलीपाशी जाऊन बसले होते.