ताऱ्याच्या हयातीचा दाखला

नोंदवहीत नाव नसलेल्या ताऱ्याकडे दुर्बीण वळवायची नाही, असा आमच्या वेधशाळेचा नियम आहे. साधा, सरळ, कोणाला त्रास नाही. आता ऐका, मध्ये बोलू नका, मी विसरते!

आमच्या मॅडम अकरा वर्षं एकाच ताऱ्यामागे आहेत. निळसर-पांढरा, राक्षसी, सूर्याच्या सातपट रुंद, पण इतका अंधुक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. यंदा नवी नोंदवही निघाली आणि सगळ्यांना अर्ज पुन्हा भरायला लावले. वर्षअखेर नोंद झाली नाही, तर अकरा वर्षं पाण्यात.

अर्ज तपासणार कोण? परिशिष्टकाका! आमचे विभागप्रमुख. मुलीच्या लग्नपत्रिकेलासुद्धा त्यांनी परिशिष्ट जोडलं होतं. मी त्यांच्या शेजारच्याच टेबलावर टाइप करते, त्यामुळे सगळं याचि कानी ऐकलंय.

"मॅडम, आकार राक्षसी आणि तेज अंधुक? एवढा राक्षस आहे तर दिसत का नाही?"

"लांब आहे हो साहेब. दोन हजार प्रकाशवर्षं."

"लांब राहतो ही त्याची खाजगी अडचण झाली." काकांनी 'राक्षसी' खोडलं आणि 'मध्यम' लिहिलं. "मध्यमला कधी कोणी आक्षेप घेत नाही. आता तापमान. पंधरा हजार अंश? निळा आहे ना? मग गार असणार."

"उलट आहे साहेब! निळे तारे जास्त तापलेले, लाल त्यामानाने गार."

काका उठले, आम्हाला बेसिनपाशी घेऊन गेले. दोन नळ, एकावर लाल ठिपका, एकावर निळा. "धरा हात." मॅडमनी निळ्याखाली धरला. गार! लालमधूनही गारच पाणी येतं म्हणा, गीझर तीन वर्षं बंद आहे, पण ते दुसऱ्या खात्याकडे येतं. अर्जावर शेरा पडला: 'गार. प्रात्यक्षिकाने सिद्ध.'

मॅडमनी हात पुसला. म्हटलं, सुटलो एकदाचे. तेवढ्यात काकांनी विचारलं, "पुरावा म्हणून हा जो उजेड जोडलाय, तो कधीचा?"

मॅडमना खोटं बोलता येत नाही, हीच तर बोंब! "दोन हजार वर्षांपूर्वी निघालेला."

काकांनी पेन खाली ठेवलं. "पुरावा तीन महिन्यांच्या आतला लागतो. अर्जदार आज हयात आहे कशावरून?"

"अहो, आजचा उजेड पोचायला अजून दोन हजार वर्षं लागतील!"

"मग मुदतवाढ मागा. एका अर्जाला पंधरा दिवस मिळतात."

मॅडमनी खरंच गणित केलं. अठ्ठेचाळीस हजार सातशे अर्ज. प्रत्येकी तीन प्रती. आणि बसल्या की हो लिहायला! चाळीसाव्या अर्जाला काकांनाच दया आली. म्हणाले, "राहू द्या, प्रत्यक्ष पाहणी करू." समिती नेमली. पण नोंद नसलेल्या ताऱ्याकडे दुर्बीण वळवायची नाही, म्हणून तिघे सदस्य भरदुपारी गच्चीवर गेले, हाताचा आडोसा करून दोन मिनिटं वर बघितलं, आणि लिहून दिलं: 'अर्जदार जागेवर आढळला नाही. मयत समजून नाव कमी करावे.'

हसा, हसा! तरी काका नियमाचे पक्के. त्यांनी हरकतींसाठी नोटीस काढली. पूर्ण तीस दिवस. मॅडमची हरकत आली, ती फेटाळली, कारण त्या हितसंबंधी. नोटिशीवर दुसऱ्या कोणाही एकाची सही पुरली असती. नुसती सही!

मॅडमनी काल टेबल आवरलं. अकरा वर्षं दोन खोक्यांत मावली.

आणि नोटीस कुठे होती माहितेय? चहाच्या यंत्राच्या वर. मीच चिकटवली होती. महिनाभर तुम्ही सगळे तिच्याखाली उभे राहून चहा प्यायलात, मीही प्यायले. एकाने तर पेन उठतंय का ते बघायला तिच्यावरच रेघोट्या ओढल्या.

उठत होतं.