धुकेखिंडीच्या पहाऱ्याची बखर

श्री. दिसते आणि न दिसते या दोहींचा जो एकच धनी, त्यास दंडवत घालोन हकीकत लिहितो ऐसी जे, शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, या समयी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले की लोक आपापले गाव त्यात शोधू लागतात, आणि मग याचा आजा लढाईत होता आणि त्याचा नव्हता ऐसा कज्जा आमचे दारी येतो. हुजुरांची आज्ञा जाहली की पायदळाच्या दोन पलटणींनी मिळोन जी खिंड राखिली तिची बखर करावी, म्हणोन करितो. तलवारींचा खणखणाट ज्यांस हवा त्यांनी दुसरा लेखक पाहावा. आमच्या खिंडीत धुके होते, आणि धुक्यात माणसास आपला हातदेखील धड दिसत नाही, तेथे खणखणाट कोठोन आणावा.

तर त्या राज्यावर घाटाखालोन गनीम चालोन आला. त्याचा सरदार रायभान, मोठा नावाजलेला. त्याचे नाव ऐकोन महाराजांची झोप उडाली. उडाली म्हणजे खरोखरीच उडाली. मंचकावर पडावे, छताकडे पाहावे, मग उठोन खिडकीशी उभे राहावे, ऐसे चालले. वैद्यांनी जायफळ उगाळिले, तळपायास तूप चोळिले, पण काही उपाय चालेना. मग मसलत होऊन दोन पलटणी खिंडीवर रवाना केल्या. एक डोंगरी पलटण, तिचे सुभेदार खेमाजी घोगरे. नाचणीची भाकर खाणारी माणसे, बोलणे थोडके आणि तेही खेकसोन. दुसरी खाडीची पलटण, तिचे सुभेदार पदाजी तांडेल. भात आणि सुके बोंबील खाणारी माणसे, आणि बोलणे एकदा सुरू जाहले की आवरता आवरत नसे. दोहींचे पहिल्यापासोन वाकडे. डोंगरी म्हणत की यांच्या बोंबलांच्या वासाने गनीम वाट न चुकता वर येईल. खाडीवाले म्हणत की येऊ दे, यांच्या भाकरी तोफेत भरू आणि मारू. ऐसे एकमेकांस टोचीत दोन्ही पलटणी खिंडीत पावल्या, तो पुढे धुके उभे होते.

ऐसे धुके आम्ही पाहिले नाही, पण पाहणारांनी शपथेवर सांगितले. सकाळ कोणती आणि सांज कोणती ते कळेना. शेजारी बसला तो माणूस की दगड, हे हात लावोन पाहावे लागे. खालचे अंगास गनिमाच्या उंटांच्या घंटा वाजत, आणि त्या कधी जवळ वाटत, कधी पल्याडच्या जन्मातून आल्यासारख्या वाटत. तेव्हा ठरले की एका पलटणीने निजावे आणि दुसरीने उशाशी पहाऱ्यास बसावे. प्रत्येक निजणारास त्याचा एक राखणारा, आणि तो दुसऱ्या पलटणीतला. सुभेदार करतील तैसे पलटणीने करावे, म्हणजे खेमाजी आडवे जाहले की सारे डोंगरी आडवे, आणि पदाजी उठोन बसले की सारे खाडीवाले उठोन बसले.

एके दिवशी पदाजी झोपेत हसत जागे जाहले. खेमाजी उशाशी काकडत बसले होते. ते खेकसले, "काय झालं दात काढायला?" पदाजी म्हणाले, "सपान पडला." खेमाजी म्हणाले, "मग सांग की. आम्ही हितं गारठ्यात कुडकुडायचं आणि तू एकटाच मजा मारायची व्हय?" मग पदाजींनी सांगितले, आणि तेव्हापासोन रीतच पडली. जो निजला त्याने जागोन आपले स्वप्न राखणारास सांगावे, कारण जागणारास स्वतःचे स्वप्न नाही. आणि स्वप्न सांगोन संपले म्हणजे पहारा बदलला. शिंग नाही, नौबत नाही, स्वप्न हीच निशाणी. काही न दिसल्यास "काळोख" इतके तरी म्हणावे, पण तोंड उघडावे.

मग नवलच वर्तले. एकमेकांची स्वप्ने ऐकता ऐकता ती एकमेकांत मिसळू लागली. खेमाजींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, तरी त्यांच्या स्वप्नात भरती येऊ लागली आणि पायाखालील वाळू सरकू लागली. पदाजींच्या स्वप्नात रानातल्या झाडास मोहळ लागले आणि धुराने त्यांचे डोळे चुरचुरू लागले. एक डोंगरी शिपाई जागा होऊन रडू लागला की आमची होडी बुडाली, तेव्हा त्याच्या राखणाराने त्यास पाठीवर थोपटले आणि म्हटले की वेड्या, ती माझी होडी. बोंबलाचा वास कोणास येईनासा जाहला आणि भाकर सर्वांस गोड लागू लागली. यात खोटे वाटत असेल त्याने महिनाभर धुक्यात बसोन पाहावे.

आता मुख्य दिवस लिहितो. पदाजी जागे जाहले आणि स्वप्न सांगू लागले. दर्या खिंडीत वर चढोन आला आहे, धुके म्हणजेच पाणी, आणि पाण्यातोन एक होडी येते आहे. वल्ह्याचा आवाज नाही. आईने कड्यावर जाळे वाळत घातले आहे आणि ती हात डोळ्यांवर धरोन होडीकडे पाहते आहे. होडीत कोणी बसले आहे. इतके ऐकता खेमाजींचे डोळे मिटले. त्यांस वाटले की स्वप्न ऐकले, पहारा उतरला, आणि ते निजले, आणि त्यांचे मागोन सारी डोंगरी पलटण निजली. पदाजींस मात्र होडीत कोण होते ते आठवेना. त्यांस वाटले की स्वप्न संपले नाही, म्हणजे पहारा अजोन खेमाजींचाच, तर क्षणभर मागे जाऊन पाहोन यावे. म्हणोन ते पुनः आडवे जाहले, आणि त्यांचे मागोन सारी खाडीची पलटण आडवी जाहली. राज्याचे दार सताड उघडे, आणि दारावरली दोन्ही माणसे गाढ निजलेली, ऐसा तो प्रसंग.

आणि त्याच समयी गनीम वर चढला. पुढे खिंडीत काय जाहले ते दोन्ही पलटणींनी कोणास सांगितले नाही. भात आणि भाकर एका पानात कालवोन त्यांनी शपथ घेतली. आम्हांसही ते दरबारातच कळले, म्हणोन तेथेच लिहू. गडावर इतकीच खबर आली की रायभान खिंडीतोन माघारा फिरला, एक बार उडाला नाही, आणि तो तहास राजी आहे. नगरात साखर वाटली. महाराजांस मात्र झोप आली नाही. भय गेले तरी खोड राहिली.

मग दरबार भरला. रायभानही तहास येऊन एका अंगास बसले होते. जरीपटका आणोन ठेविला आणि दिवाणजी म्हणाले की त्या दिवशी ज्या पलटणीचा पहारा होता तिला हा मान देणे आहे. "सुभेदार खेमाजी, पहारा कोणाचा होता?" खेमाजी म्हणाले, "खाडीवाल्यांचा, म्हाराज. आम्ही निजलो व्हतो." दरबारात वाहवा जाहली की काय मन मोठे. मग पदाजींस विचारिले. पदाजी म्हणाले, "डोंगऱ्यांचा होता, महाराज. आमी निजलो होतो." पुनः वाहवा जाहली, पण अंमळ कमी. दिवाणजींनी वाहवा केली नाही. हे दिवाणजी म्हणजे भाताचे शीत दाबोन पाहणारे गृहस्थ. ते म्हणाले, "हे म्हणतात त्यांचा, ते म्हणतात यांचा. मग पहाऱ्यास होते कोण?"

 राज्याचा कायदा सर्वांस ठाऊक होता, की जो पहाऱ्यावर निजला त्या सुभेदाराचा कडेलोट करावा आणि त्याची पलटण मोडोन तिचे नाव पुसावे. खेमाजींनी पदाजींकडे पाहिले. मग खेमाजी पुढे होऊन म्हणाले, "पहारा आमचाच व्हता. मी खोटं बोललो. मी निजलो. कडेलोट माझा करावा, ह्या माणसाचा काही दोष न्हाई." तो पदाजी त्यांस मागे सारोन म्हणाले, "ह्याचा ऐकू नका, महाराज. सपान मी अर्धा सोडला. पहारा घेयाचा तो घेतला नाय आणि निजलो." आणि त्यांनी ते स्वप्न सांगितले, दर्या, आई, जाळे आणि होडी, सारे. खेमाजी म्हणाले, "तुला पोरंबाळं हायेत, गप ऱ्हा." पदाजी म्हणाले, "तुला काय दगडं हायत?" दोघे कड्यावरोन पडण्यासाठी भांडत होते, आणि त्यांच्या मागे उभे जे शिपाई ते मान खाली घालोन डोळे पुशीत होते. आमच्याने हे लिहवत नाही, पण लिहिणे प्राप्त.

तेव्हा रायभान उठले आणि म्हणाले, "महाराज, परका आहे, पण बोलू द्यावे. त्या दिवशी मी फौजेसह वर गेलो. पाहतो तो दोन्ही पलटणी निजलेल्या. एकाचे डोके दुसऱ्याच्या मांडीवर, एक घोंगडी दोघांवर. माझ्या हातात तलवार होती. पण माझ्या माणसांनीही घर सोडल्यापासोन धड झोप घेतली नव्हती. एक जण म्हणाला, घटकाभर टेकतो. मग दुसरा टेकला. मग मीही टेकलो. जागा झालो तेव्हा धुके उठले होते आणि माझी तलवार माझ्याच उशाशी नीट ठेवलेली होती. अंगावर यांची घोंगडी होती. हे दोघे माझ्या दोन बाजूंस पहाऱ्यास बसले होते, आणि माझ्या प्रत्येक शिपायाच्या उशाशी यांचा एक एक माणूस होता. हे खेमाजी मला म्हणाले, काय सपान पडलं ते सांगा आन् जावा. मी सांगितले. त्यानंतर लढायचे कसे, ते मला कोणी शिकविले नव्हते. पहारा कोणाचा हे दिवाणजी विचारतात. माझा पहारा या दोघांनी केला, इतके मी जाणतो."

दिवाणजी म्हणाले की हे सर्व ठीक, परंतु कायदा कायदा आहे, ते निजले हे तर खरे. मग सर्वांनी महाराजांकडे पाहिले.  महाराजांनी हळूच विचारिले, "तुम्ही उशाशी बसलात तर कोणासही झोप येते?" खेमाजी म्हणाले, "येते, म्हाराज." तेव्हा महाराज सिंहासनावरोन उतरोन बिछायतीवर आले आणि भर दरबारात आडवे जाहले. एका अंगास खेमाजी बसले, दुसऱ्या अंगास पदाजी. पांघरूण जवळ नव्हते, म्हणोन पदाजींनी जरीपटका उचलोन महाराजांवर घातला. दिवाणजी काही बोलणार होते, पण तो महाराज घोरू लागले. दरबारी लोक उभ्या जागी बसले.  सदरेत ऊन सरकत गेले आणि पारव्यांचे घुमणे तेवढे ऐकू येत राहिले.

सांजेचे सुमारास महाराज जागे जाहले. चेहरा लहान मुलासारखा नितळ जाहला होता. पदाजी म्हणाले, "महाराज, रीत आहे. काय पडला ते सांगायला लागेल." महाराज म्हणाले, "खिंड होती. धुके होते. कड्यावर एक बाई जाळे वाळत घालीत होती."  पदाजींनी विचारिले, "आणि होडी?" महाराज म्हणाले, "होडी आली. तीत आम्ही होतो. राज्याचा पहारा आमचा होता, आणि आम्ही निजलो होतो." मग दिवाणजींकडे वळोन म्हणाले, "आता कडेलोट कोणाचा करावा ते सांगा." 

पदाजी खेमाजींस म्हणाले, "संपला रे सपान." खेमाजी म्हणाले, "मग आत्ता बदलला पहारा." हे महाराजांनी ऐकिले आणि ते उठोन बसले. म्हणाले, "रीत आम्हांस समजली. जागा झाला त्याने बसावे. निजा दोघे." दोघांनी आढेवेढे घेतले, पण थकवा मोठा होता. खेमाजी आडवे जाहले आणि सारी डोंगरी पलटण सदरेत आणि पायऱ्यांवर आडवी जाहली. पदाजी आडवे जाहले आणि सारी खाडीची पलटण आडवी जाहली. रायभानही खांबाशी कलंडले. महाराजांनी जरीपटका ओढोन दोघा सुभेदारांवर सारखा केला, आणि उशाशी मांडी घालोन बसले.

येणेप्रमाणे खिंड राहिली, पलटणी राहिल्या, तह जाहला. पटका कोणत्या पलटणीकडे जावा याचा निवाडा त्या दिवशी जाहला नाही, कारण तो पांघरलेला होता. लढाई कोणी मारिली ऐसे पुसाल तर आम्हांस सांगता येणार नाही. महाराज जागे होते इतके आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.