साडेआठ ते नऊचा उजेड

शुक्रवारी संध्याकाळी घरी निघता निघता सारंग धारणकरला एचआरच्या सायलीचा मेल आला. कंपनीने छायाचित्र स्पर्धा जाहीर केली होती. घरातल्या माणसांचे सहज टिपलेले फोटो पाठवायचे. फ्लॅश नको, दिवे नकोत, फक्त खिडकीतून येणारा नैसर्गिक प्रकाश. फोटोसाठी कुणाला बसवायचं नाही, मुद्दाम हसवायचं नाही. निवडलेले बारा फोटो नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर येणार होते. परीक्षक खुद्द मालकांच्या पत्नी, ज्यांना सगळी कंपनी नुसतं 'मॅडम' म्हणायची. भाग घेणं ऐच्छिक होतं. भाग न घेणाऱ्यांची यादी मात्र विभागप्रमुखांनी मंगळवारपर्यंत पाठवायची होती.

सारंग खडोलीच्या त्या धागा कंपनीत सतरा वर्षं क्वालिटी बघत होता आणि सहायक प्लँट हेडची खुर्ची दोन महिने रिकामी होती. त्यामुळे मेल वाचल्या वाचल्या ऐच्छिक या शब्दाचा अर्थ त्याला कळला.

"एवढं काय त्यात? मोबाइल आहे ना, काढ की," त्याची बायको जुई म्हणाली.

"असं नसतं जुई. सहजपणाला तयारी लागते."

शनिवारी त्याने मित्राचा कॅमेरा आणला, सहा व्हिडिओ पाहिले आणि एक वेळापत्रक करून फ्रीजवर चिकटवलं. सिल्वासाच्या आमली भागातल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला चांगला उजेड फक्त अर्धा तास मिळायचा. साडेआठला समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून ऊन हॉलमध्ये यायचं आणि नऊला पाण्याच्या टाकीमागे जायचं. म्हणून सगळा सहजपणा त्या अर्ध्या तासात बसवला होता. '८.३२ : आई पेपर वाचते. ८.३८ : जुई कांदा चिरते, किंचित हसते. ८.४५ : नेहा आजीच्या खांद्यावर आपोआप डोकं ठेवते.'

"बाबा, आपोआप म्हणजे नक्की पावणेनऊलाच ना?" दहावीतल्या नेहाने विचारलं.

"उशीर करू नकोस म्हणजे झालं."

रविवारी सकाळी सातलाच कामाला सुरुवात झाली. तपकिरी सोफा उजेड खातो असं व्हिडिओत सांगितलं होतं. सोफा बाहेर जिन्याच्या पॅसेजमध्ये गेला. त्याच्या मागोमाग टीपॉय, टीव्ही आणि शोकेस गेलं. हिरव्या भिंतीमुळे चेहरे आजारी दिसत होते, म्हणून भिंतीवर पांढऱ्या चादरी लागल्या. फरशीवरही पांढऱ्या चादरी अंथरल्या. शेवटी सारंगच्या आईवडिलांचा फोटो काचेवर चकाकतो म्हणून उतरवला आणि बाहेर सोफ्यावर टेकवून ठेवला. त्याच्या वडिलांचा एकट्याचा बरा फोटो नव्हता, म्हणून ते गेल्यावर जोडीचाच फोटो मोठा करून घेतला होता आणि चंदनाचा हार टाचणीने फक्त वडिलांच्या बाजूला अडकवला होता. उतरवताना टाचणी पडली. हार सरकून दोघांच्याही गळ्यात आला.

दार उघडंच होतं. दूधवाल्याची वाट बघत खालच्या मजल्यावरच्या कमळाबाई जिन्यात डोकावल्या आणि जागच्या जागी थबकल्या. त्यांनी फोटो पाहिला, हार पाहिला, आतल्या चादरी पाहिल्या. मग हळूच दाराशी आल्या.

"भाऊ, हे काय झालं हो?"

सारंग कॅमेऱ्यात डोळा घालून बसला होता. त्याने मानही वळवली नाही. "काय सांगू कमळाबाई. कालपासून डोळ्याला डोळा नाही."

"अरुणाताई... कुठं आहेत?"

"आत आहे आई. नेहा साडी नेसवतेय तिला. आधी पांढरी नेसवली होती, मीच नको म्हटलं. पिवळी बरी दिसेल."

कमळाबाईंनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून जुई आली. सरावासाठी तिने चार कांदे चिरले होते. डोळे लाल, नाक लाल, गालांवरून पाण्याच्या धारा.

"रडू नको गं पोरी," कमळाबाई म्हणाल्या. "भाऊ, नातेवाईकांना कळवलं का?"

"कुणालाच नाही. घरच्या घरीच उरकायचंय."

"आणि केव्हा...?"

"नऊच्या आत. नऊनंतर काही उपयोग नाही."

कमळाबाई गुडघ्याचं दुखणं विसरून धावत खाली गेल्या. दोन मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर निरोप गेला. त्यांचा मुलगा सुमित सारंगच्याच कंपनीत स्टोअरला होता. त्याने तो निरोप कंपनीच्या ग्रुपवर टाकला.

सिल्वासातल्या सोसायट्यांत निम्मी वस्ती गुजराती. माणूस गेलं की त्यांच्याकडे बेसणं असतं : पांढरी चादर, हार घातलेला फोटो, आणि पांढऱ्या कपड्यांत येऊन थोडा वेळ गप्प बसणारे लोक. साडेआठला पहिल्या मजल्यावरचे पटेलकाका सपत्नीक आले. त्यांनी आतली मांडामांड पाहून बायकोच्या कानात विचारलं, "एटलुं जलदी बेसणं पण लावलं?"

"कंपनीवाळा छे. एमनु सगळंच फास्ट," ती कुजबुजली.

ती दोघं बसली. मागून कमळाबाई आणि आणखी लोक आले. बघता बघता पंचवीस-तीस माणसं माना खाली घालून चादरीवर बसली. सारंगला वाटलं, फोटो कसा काढतात ते बघायला सोसायटी लोटली आहे. त्याचं लक्ष फक्त खिडकीतून सरकत येणाऱ्या उन्हाकडे होतं.

"बसा, बसा. पण खिडकीसमोर नको हं. उजेड अडतो," तो म्हणाला.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने उठून सारंगच्या पाठीवरून हात फिरवला. "धीर धर. सगळं होतं व्यवस्थित."

"नाही हो. आठ अडतीस झाले. अजून आईच बाहेर आली नाही!"

दोन बायकांना हुंदका आवरला नाही.

आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. पिवळी साडी, हातात पेपर, चेहऱ्यावर कालपासून बसवलेलं सहज हसू घेऊन अरुणाताई बाहेर आल्या. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही हे पक्कं लक्षात ठेवल्याने त्यांनी नजर समोर ठेवली, आणि समोर अख्खी सोसायटी.

"अगंबाई! एवढी माणसं? कोण गेलं?"

"तुम्हीच की हो!" कमळाबाई ओरडल्या.

पटेलकाकांचे जोडलेले हात तसेच राहिले. अरुणाताईंनी चादरी, लोक आणि दारातून दिसणारा तो फोटो असं क्रमाने पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "बरं. आलेच आहेत सगळे तर चहा टाक, जुई."

चहा संपेपर्यंत ऊन टाकीमागे गेलं. सारंगने घाईघाईत अकरा फोटो काढले होते. नऊ फोटोंत कमळाबाईंची पाठ होती. उरलेल्या दोन फोटोंत पटेलकाका बशीतून चहा पीत होते.

अरुणाताई मात्र दुपारभर नेहाच्या मोबाइलवर कंपनीचा ग्रुप वाचत बसल्या. सायलीने तत्परतेने लिहिलं होतं, 'मातृतुल्य अरुणाताईंच्या जाण्याने कंपनी परिवार पोरका झाला.' खाली एकशे चाळीस जणांनी हात जोडले होते.

"सारंग, हा वाल्मिक कोण रे?"

"डिस्पॅचला आहे. का?"

"माझ्या हातच्या पुरणपोळ्या कधी विसरणार नाही म्हणतोय. मी तर याला कधी पाहिलंसुद्धा नाही."

सारंगने सायलीला फोन लावला. "सायली, आई जिवंत आहे."

"अरेरे... म्हणजे, अभिनंदन सर! पण तुमची तीन दिवसांची शोकरजा सिस्टीमने मंजूर केलीय."

"मग रद्द कर."

"रद्द करायला यादीतून कारण निवडावं लागतं. 'व्यक्ती हयात आहे' असं कारणच यादीत नाही सर. असं करा, उद्या आईंना आधार कार्डासकट घेऊन या. प्रत्यक्ष पडताळणी केली की मी हाताने एंट्री करते."

सोमवारी सारंग आईला घेऊन खडोलीला गेला. रिसेप्शनच्या मोठ्या खिडकीशी दोघं बसली. सायली फॉर्म घेऊन समोर आली.

"नाव?"

"अरुणा धारणकर."

"मृत व्यक्तीचं नाव?"

"तेच."

"मृत व्यक्तीशी तुमचं नातं? सॉरी आई, हा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही."

अरुणाताई फॉर्मवर वाकल्या. "लिही, जुनी ओळख आहे."

आणि त्यांना हसू फुटलं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या. सायलीही हसायला लागली. सारंग तेवढा खुर्चीच्या कडेवर घाम पुसत, घड्याळाकडे बघत बसला होता. पॅसेजमधून मॅडम चालल्या होत्या, गळ्यात नवा कॅमेरा. त्या क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या. कुणाचं लक्षही गेलं नाही.

महिन्याभराने स्पर्धेचा आणि बढतीचा, दोन्ही निकाल लागले. सारंगचं नाव दोन्हीकडे नव्हतं. सहायक प्लँट हेडची खुर्ची मालकांच्या भाच्याला मिळाली. त्याने स्पर्धेत भागच घेतला नव्हता. कॅलेंडरसाठी कर्मचाऱ्यांचे अकरा फोटो निवडले गेले. बारावा परीक्षकांची विशेष निवड म्हणून घेतला होता. तो परीक्षकांनीच काढलेला होता.

छपाईचा नमुना मंजुरीसाठी क्वालिटी विभागात, म्हणजे सारंगच्याच टेबलावर आला. ऑगस्टच्या पानावर अरुणाताई हसत होत्या. खिडकीतला मऊ उजेड त्यांच्या गालावर, पांढऱ्या केसांवर, डोळ्यांतल्या पाण्यावर पडला होता. खाली बारीक अक्षरात मॅडमचं नाव. सतरा वर्षं लोकांच्या मालात खोट काढणाऱ्या सारंगने भिंग लावून अर्धा तास तो फोटो तपासला. मग मुकाट्याने 'मंजूर'चा शिक्का मारला आणि एक प्रत घरी नेली.

अरुणाताईंनी चष्मा लावून फोटो जवळ धरला, लांब धरला.

"मी बरी आलेय रे," त्या खुशीत म्हणाल्या. मग त्यांचं बोट फोटोच्या कोपऱ्यात गेलं. "पण तू बघ कसा बसलायस. जसं काही घरात कुणी वारलंय."