नानांची नापास पिकअप

जुनी डिझेल पिकअप घ्यायची झाली की आमच्या गावातली माणसं आधी नानांना सोबत नेतात, आणि नाना विकणाऱ्याच्या दारात पोचले की गाडीकडे ढुंकूनही न बघता थेट गोठ्यात शिरतात. म्हशीचे खूर बघतात. पाण्याच्या हौदात हात घालतात. मालक बाहेर बॉनेट उघडून ताटकळत उभा, आणि नाना आत रेडकाच्या कानामागे गोचीड शोधतायत.

"नाना, गाडी इकडं हाय," असं कुणी म्हणालं की उत्तर ठरलेलं.

"ती कुठं पळून चाललीय? ज्याच्या हौदातलं पानी शिळं, त्याच्या इंजनातलं ऑइल शिळं."

यावर हसणारे पुष्कळ आहेत. मीही हसायचो. पण गाडी कंपनी बनवते आणि टिकवतो तो मालक, ही गोष्ट एकाही जाहिरातीत लिहिलेली नसते. नाना ती फुकट सांगत फिरतात. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

आता पंचक्रोशीत त्यांची अशी ख्याती आहे, की गाडी विकायची ठरली की माणसं आधी म्हैस धुतात. घोडेगावच्या एका दलालाने तर शेजाऱ्याची खिलारी जोडी आणून स्वतःच्या गोठ्यात बांधली होती. नानांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यात दलाल कौतुकाने पुढे आला आणि बैल त्याला बघून बिचकला.

"जनावर मालकाला वळखत न्हाई," नाना म्हणाले. "चला घरी." गाडी त्यांनी पाहिलीच नाही.

गोठा पास झाला तरच गाडीची पाळी. तिथेही पहिला हात बॉनेटवर. ते गरम लागलं की परीक्षा संपली, कारण पाहुणे यायच्या आधी ज्याने इंजिन तापवून ठेवलं, त्याची गाडी गार असताना कुरकुरत असणार. गार लागलं तर सेल्फ मारायला सांगतात आणि स्वतः सायलेन्सरपाशी उभे राहतात. धूर काळा की पांढरा की निळा, हे बघताना त्यांचा चेहरा रोग्याची जीभ बघणाऱ्या डॉक्टरसारखा होतो. मग ऑइलचं झाकण काढून उघड्या तोंडावर तळहात धरतात.

"फुसफुस करतीय. हिची छाती गेली."

विषय संपला.

आणि एवढं सगळं करणाऱ्या नानांना गाडी चालवता येत नाही. मी एकदा कारण विचारलं. "चालवाय लागलं की माया बसती," ते म्हणाले. "माया बसली की खोट दिसत न्हाई."

न्यायाधीशाने पाठ करावं असं वाक्य आहे. फक्त त्याचा परिणाम असा, की नानांच्या हातून गाडी क्वचितच पास व्हायची. पोरं त्यांना मागून 'नापास नाना' म्हणत.

मागच्या वर्षी मंदा त्यांच्याकडे आली. मंदा आणि तिचा नवरा दत्तू लग्न झाल्यापासून ऊसतोडीला जायचे. टोळीच्या ट्रॅक्टरवर ती गाडी चालवायला शिकली. जुनी पिकअप घ्यायची, गावातला कांदा आणि शेळ्या घोडेगावच्या बाजाराला पोचवायच्या आणि पुन्हा कोयता धरायचा नाही, हे तिने ठरवलं होतं. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की पोरं आईबापांमागे उसाला जातात आणि आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांतल्या शाळा अर्ध्या रिकाम्या होतात. याची कुणाला लाज वाटत नाही. मंदाने निदान आपल्या घरापुरतं ते थांबवायचं मनावर घेतलं होतं.

पाऊस ओसरला तसे आम्ही गाड्या बघायला लागलो. केडगावच्या गाडीचा धूर निळा निघाला. नेवाशाची गाडी चकचकीत होती, पण मालकाच्या वासराची मान दाव्याने सोलवटली होती. तिसरी गाडी शेजारच्याच गावातली. गोठा स्वच्छ, बॉनेट गार, सेल्फ मारताच इंजिन सुरू, धूर साफ. फक्त चढाला दम टाकत होती.

"डिझेल पंप थकलाय," नाना म्हणाले. "नापास."

मंदा तिथेच बांधावर बसली. आवाज न चढवता म्हणाली, "नाना, मुकादम दारात येऊन गेला. दसरा झाला की टोळी निघती. गाडी न्हाई झाली तर आमी जानार. गाड्यांच्या खोटी तुमी लई काढल्या. पन तुमच्या न्हाई म्हनन्यानं कुनी उसात गेलं, तर ती खोट कुनाची धरायची?"

नाना चिडतील असं मला वाटलं. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"मी पास केल्याली गाडी बंद पडली तर लोकं माझ्या दारात येतील, ह्येचं भ्या वाटतं मला," ते म्हणाले. "न्हाई म्हनलं की कुनी येत न्हाई." मग त्यांनीच पुढे जोडलं, "कुनीच येत न्हाई."

नानांच्या घरी नानांशिवाय दुसरं माणूस नाही. हे मला माहीत होतं, पण त्याचा गाड्यांशी काही संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं.

"घे ही," ते मंदाला म्हणाले. "पास न्हाई. चढाला तरास देनार. पन घे. बाकीचं मी बघतो."

बाकीचं म्हणजे काय, ते पहिल्या खेपेला कळलं. आमच्या गावातून हमरस्त्याला लागताना खिंडीचा चढ आहे. कांद्याच्या गोण्या भरून पिकअप निघाली तेव्हा नाना मंदाशेजारी बसले होते. चढाच्या पायथ्याशी त्यांनी गाडी थांबवली, उतरले, कडेचा एक मोठा दगड उचलला आणि मागच्या चाकाच्या बाजूने चालू लागले. गाडी अडलीच तर चाकाखाली लावायला.

"नाना, बसा की. वडतीय गाडी," मंदा खिडकीतून म्हणाली.

"तू म्होरं बघ. मी हाय."

त्या साली मंदा-दत्तू उसाला गेले नाहीत. यंदा मंदाने पंपही नवा बसवला. आता पिकअप भरलेली असली तरी खिंड एका दमात चढते. नाना तरीही पायथ्याशी उतरतात, दगड उचलतात, आणि त्यांची चार पावलं होईपर्यंत गाडी वळणाआड गेलेली असते.

"आता कशापायी उतरू देती म्हाताऱ्याला?" मागून गोण्यांवर बसलेला दत्तू विचारतो.

मंदा माथ्यावर गाडी कडेला घेते, इंजिन चालूच ठेवते, वाकून पलीकडचं दार उघडते आणि नाना वर येईपर्यंत थांबते.