दोन्ही रांगांना सारखंच

मुकादमांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. मुकादम संशोधन केंद्रातल्या काचघराची झाडं सांभाळत. लग्नासाठी चार दिवसांची रजा मिळाली, पण रोपांना रजा नव्हती. लग्नाला न येणारा एकच माणूस नात्यात होता, बहिणीचा नवरा. आमंत्रण घरी येऊन न देता फोनवर दिलं, म्हणून दाजी भडकले होते.

"लग्नाला येणार नाही म्हणालो, कामाला येणार नाही असं कुठं म्हणालो?" दाजींनी किल्ली हिसकावूनच घेतली.

"फक्त पाणी घाला. बाकी कशाला हात लावू नका."

काचघरात दहा-दहा पेट्यांच्या दोन रांगा होत्या. पेटीची एक बाजू काचेची, तिच्यावर काळं कापड. कापड उचललं की मुळं दिसत. एका रांगेत साधी रोपं, दुसरीत लिग्निन बदललेली. लाकडाला ताठपणा येतो तो लिग्निनमुळे. ते बदललं तर कागदाचा लगदा करणं सोपं जातं. पण मुळांभोवतीच्या मातीतल्या जिवांना असं झाड चालतं का, हे केंद्रातल्या संशोधक मॅडमना बघायचं होतं. मुळांवर पांढऱ्या बुरशीची जाळी धरली होती. ती झाडाला पाणी पुरवते आणि झाड तिला साखर देतं. तीन वर्षं मॅडम भिंग लावून ते तंतू मोजत होत्या. "अहवालात तुमचे आभार मानीन, नावासकट," असा शब्द त्यांनी मुकादमांना दिला होता, आणि मुकादमांनी तो नव्या व्याह्यांना सांगूनही टाकला होता.

दाजींचा जन्म गुलाबाच्या रोपवाटिकेत गेलेला. मुळावर पांढरं दिसलं की औषध, हा त्यांचा धर्म. पहिल्याच दिवशी त्यांनी कापड उचललं आणि त्यांचं डोकं फिरलं.

"चाळीस वर्षं ही घाण मारतोय मी, आणि हा गडी ती काच लावून पाळतोय!"

घरून बुरशीच्या औषधाची बाटली आली. दहा पेट्या झाल्या आणि बाटली संपली.

शनिवारी मुकादम परतले. लग्नात ओरडून घसा बसला होता, तो काचघरात एका क्षणात सुटला.

"दाजी! काय घातलंत हे?"

"औषध."

"पाणी घाला म्हणालो होतो, पाणी!"

"पाण्यातूनच घातलं."

"अक्कल गहाण टाकलीत का तुम्ही? मूर्ख आहात तुम्ही, शुद्ध गाढव आहात तुम्ही!" बहिणीचा नवरा पडला, त्यामुळे शिवीसुद्धा मानानं द्यावी लागत होती, आणि त्यानं मुकादमांचा संताप आणखीच वाढत होता.

"झाडं सडली असती तुमची! उपकार राहिले बाजूला."

मुकादम दोन्ही रांगांकडे आळीपाळीनं बघत राहिले. एका रांगेची मुळं तपकिरी, दुसरीची पांढरीशुभ्र. मॅडमचं एकच पालुपद असे, दोन्ही रांगांना सारखंच. पाणीसुद्धा त्या मापानं घालायला लावत.

"हीच बाटली आणखी मिळेल?"

"कशाला?"

"त्याही रांगेला घालायला!"

"मग मघापासून माझ्या नावानं बोंब कसली मारताय?"

"आणा म्हटलं ना!"

बाटली आली. दोघांनी एकाच मापानं, एकमेकांकडे पाठ करून, उरलेल्या दहा पेट्यांत औषध ओतलं.

सोमवारी मॅडमनी कापड उचललं आणि हातातलं भिंग टेबलावर असं आपटलं की ते तडकलं.

"कोणी केलं?"

"दाजींनी," मुकादम म्हणाले. "मी तर लग्नात होतो."

"दोन्ही रांगा?"

"दोन्ही. मी हातसुद्धा लावला नाही, मॅडम."

मॅडम दोन दिवस काचघराकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी जंगलातली ताजी माती आणवली आणि प्रत्येक पेटीत एक-एक माप घातली. सहा आठवड्यांनी तंतू परत आले. दोन्ही रांगांत जवळजवळ सारखेच. निदान त्या वीस पेट्यांत तरी मातीनं बदललेल्या झाडाशी भेदभाव केला नव्हता. मॅडम खूश झाल्या. आधी रोपं वेगवेगळ्या ठिकाणी वाढलेली होती, कुठली बुरशी कुठून आली ते कळत नव्हतं. आता सगळ्यांची सुरुवात शून्यापासून झाली होती.

अहवाल छापून आला. मुकादमांनी शेवटचं पान उघडलं. आभार एकाच माणसाचे होते, दाजींचे, पूर्ण नावासकट.

"मॅडम, हे काय?"

"एका रांगेला औषध देऊन थांबले असते तर सगळं फुकट गेलं असतं. दुसरीलाही दिलं, म्हणून वाचलो. फार हुशार माणूस."

"ते डोकं माझं होतं!"

"तुम्ही लग्नात होतात."

"शनिवारी आलो होतो! माप माझ्या हातात होतं!"

मॅडमनी चष्मा काढला. "हातसुद्धा लावला नाही, असं म्हणालात तुम्ही. म्हणजे तोंडावर खोटं बोललात माझ्याशी?"

मुकादमांनी पान मिटलं. व्याह्यांनी विचारलं तेव्हा अहवाल अजून छापायचाच आहे, असं सांगितलं.

दाजींशी त्यांनी बोलणं टाकलं. काय बिघडलं ते दाजींना कधीच कळलं नाही. एकदा ते विचारायला घरी आले, तेव्हा मुकादम मागच्या दारानं निघून गेले. पुढच्या वर्षी अकरा मार्चला, सकाळी सात वाजता, दाजी वारले.